तिसऱ्या ओळीची जागा

नासीरभाईनं सुई बदलली आणि तपासायला म्हणून आपल्या पिशवीतून एक तबकडी काढून लावली, तेव्हा प्रेमकुंवर आतल्या खोलीत मूग निवडत बसली होती. रेकॉर्ड प्लेअर कंचनचा होता. पुतण्याच्या, सुभाषचंदच्या लग्नात तो कंचनबरोबर अमळनेरहून आला होता, आणि गेले आठ दिवस त्यातून गाण्याऐवजी नुसती खरखर येत होती. आधी ती खरखरच आली. मग भांड्यावर बोटं वाजवल्याचा आवाज, ठाक-ठुक-ठुक, अगदी हळू. त्यावर एका बाईचा आवाज लागला. कुणाला ऐकवायचं आहे असा तो वाटतच नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी ती गात होती, अहिराणीत. प्रेमकुंवरचा हात मुगात थांबला. गाण्याचे शब्द अजून तिच्यापर्यंत पोचले नव्हते. पण भांडं तांब्याचं आहे, आणि ते काठावर नाही तर पोटावर, मधल्या दोन बोटांनी वाजतंय, हे तिला कळलं होतं. असं वाजवणारी एकच मुलगी तिनं आयुष्यात पाहिली होती. बाहेरच्या खोलीत कंचन हसली आणि म्हणाली, "नासीरभाई, हे काय लावलंत? ना पेटी, ना तबला." नासीरभाई म्हणाला, "वहिनी, विकली जात नाही ही. दोन वर्षं पडून आहे दुकानात. ओरखडा पडला तरी कुणाचं काही जात नाही, म्हणून तपासायला घेऊन फिरतो." त्यानं सुई उचलली. बाईचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला आणि प्रेमकुंवर सुपासकट उठून दारात आली. बाहेरची माणसं बसलेली असताना ती सहसा त्या दारात येत नसे. "राहू दे," ती म्हणाली. "पुरी होऊ दे." कंचननं चमकून पाहिलं. विधवा झाल्यापासूनच्या सत्तावीस वर्षांत काकीसांनी या घरात काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि कंचनला तर या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं, तरी तिलासुद्धा ते जाणवलं.

तबकडी नासीरभाईनं तिलाच देऊन टाकली. पैशांचं म्हणाल तर नको म्हणाला, ऐकणारं कुणी भेटलं हेच खूप. पिवळ्या पुठ्ठ्याचं साधं पाकीट, त्यावर फोटो नाही, फक्त एका हंड्याचं रेखाटन. मागच्या बाजूला आठ गाण्यांची नावं आणि प्रत्येकापुढे तेच: रचना आणि चाल, धुरपदाबाई. दुपारी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ मोहनबाई, झोपली आणि कंचन पत्र लिहायला बसली की प्रेमकुंवर आवाज अगदी बारीक करून ती लावायला शिकली. पहिल्या दोन दिवसांत तिला नुसता आवाजच ऐकू येत होता, आणि त्या आवाजाखाली दबलेली एक बारा वर्षांची मुलगी. मग हळूहळू गाणी दिसायला लागली. त्यात फारसं काही घडत नव्हतं. सोनगीर सोडून धुळ्यात आलेली बाई भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा चूल पेटवते आणि धूर कुठल्या बाजूला जातो ते बघत बसते, एवढंच एक गाणं. नवऱ्याच्या खोकल्याचं एक. एकात ती भाकरी थापत असते. तीन थापून झाल्यावर तिच्या ध्यानात येतं की आता दोनच लागतात. तिसरी कुणाची होती, ते गाण्यात कुठंच सांगितलेलं नाही. दुसरी कुणी असती तर तिथं टाहो फोडला असता, पेटीवाल्यानं सूर चढवला असता. ही तिसरी भाकरी टोपलीत ठेवते आणि गाणं पुढं पीठ मळायला लागतं. प्रेमकुंवरनं ते गाणं ऐकलं त्या दिवशी तिच्या हातून पापडाचं पीठ दोनदा सैल झालं. जैन स्थानकात महाराजांची व्याख्यानं ती इतकी वर्षं ऐकत आली होती. संसार असार आहे हे तिला पाठ होतं. पण त्या एका उरलेल्या भाकरीनं जे कळलं ते तसं कधी कळलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आठवं गाणं मात्र तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ते तिचं आणि धुरपदाचं, दोघींचं होतं. सोनगीरला तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान, आणि मागच्या आळीत धुरपदाच्या बापाचं तांबटाचं घर. दिवसभर तिथं तांब्यावर हातोड्या पडत. इतरांचे कान किटत. या दोघी मात्र त्या ठोक्यांवर बोलत, चालत, भांडत. धुरपदाला चाल सुचे आणि शब्द दोघींना. घरात मारवाडी, दुकानात मराठी, आणि धुरपदाशी अहिराणी. प्रेमकुंवरला खरं बोलायचं असलं की ते अहिराणीतच बोलता येई. ती चौदा वर्षांची असताना जळगावचं स्थळ आलं. सोयरीक ठरली त्या दुपारी दोघी धुरपदाच्या बापाच्या कामाच्या छपरीत एका नव्या हंड्याला टेकून बसल्या होत्या. धुरपदा बोटं वाजवत होती. ती म्हणाली,

सोनगीरना किल्लावर ऊन चढस हळू,
माय, तुना अंगनमा मी कितला दिन खेळू?

आणि थांबली. तिसरी ओळ तिला येईना. प्रेमकुंवरनं ती दिली, अगदी सहज, जशी कुणी मागितलेली वाटी पुढं करतं. धुरपदानं वाजवणं थांबवून तिच्याकडे पाहिलं होतं. तसं पाहणं नंतर कुणाच्याच डोळ्यांत तिला दिसलं नाही, नवऱ्याच्याही नाही, आणि नवरा काही वाईट माणूस नव्हता.

तबकडीवर त्या दोन ओळी होत्या. तिसरी नव्हती. तिच्या जागी फक्त हंडा वाजत होता, ओळ जितकी लांब होती तितकेच ठोके, एकही कमी नाही की जास्त नाही. मग पुढचं कडवं, पुन्हा दोन ओळी, पुन्हा तीच रिकामी जागा. चार कडव्यांत चारदा. प्रेमकुंवरनं ते किती वेळा ऐकलं याची मोजदाद राहिली नाही. पाकिटावरच्या 'रचना' या शब्दाचा तिला राग आला नाही. जे छापलं होतं ते खरंच होतं; तिचं जे होतं ते घेतलेलंच नव्हतं. पण का घेतलं नव्हतं? विसरली असेल. तीस-पस्तीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. की मुद्दाम सोडलं? सकाळी सामायिकाच्या जपध्यानाला बसली, तोंडाला मुखपट्टी, हातात माळ, की मण्यांच्या जागी ते ठोके यायचे. अठ्ठेचाळीस मिनिटं ती नवकार म्हणायला बसायची आणि अठ्ठेचाळीस मिनिटं त्या रिकाम्या जागेत उभी राहायची. तिथं एक चांगुलपणा होता, आणि कदाचित एक शिक्षाही. कारण मध्ये आणखी एक गोष्ट घडलेली होती, आणि ती प्रेमकुंवरनं स्वतःशीसुद्धा कधी नीट उच्चारली नव्हती.

बाविसाव्या वर्षी ती विधवा झाली. रीतीप्रमाणे आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसवली गेली. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी अंगणात धुरपदाचा आवाज आला. नवऱ्याबरोबर भांडी विकायला जळगावला आली होती, ऐकलं म्हणून भेटायला आली होती. सासू म्हणाली, "ती कुणाला भेटत नाही." सासूचा आवाज कडक नव्हता, रीत सांगावी तसा होता. धुरपदा बराच वेळ उभी राहिली. मध्ये फक्त एक पडदा होता. एक हाक मारली असती तर सासूनं अडवलं नसतं, हे प्रेमकुंवरला तेव्हाही माहीत होतं. तिनं मारली नाही. मग चपला वाजल्या आणि अंगण रिकामं झालं. त्यानंतर वर्षभरानं दळण निवडताना ती नकळत काहीतरी गुणगुणली. सासूनं हातातलं ताट खाली ठेवलं. नुसतं खाली ठेवलं, आवाजही न करता. तेवढं पुरलं. पुढं घरानं तिला मान दिला, चांगलंचुंगलं दिलं, तिच्या शब्दाबाहेर जावेची मुलं गेली नाहीत. गाणं कुणीच मना केलं नव्हतं. म्हणून तर कुणावर रागावताही आलं नाही.

पर्युषण झाल्यावर नासीरभाई पुन्हा काही कामाला आला तेव्हा तिनं दारातच त्याला विचारलं, ही बाई कुठली, काही कळेल का. तो म्हणाला, "कळायचं काय त्यात, काकी? धुळ्याला देवपुरात आमची हसीनाबी राहते ना, माझी बहीण, तिच्याच गल्लीत. कॉलेजातले कुणी सर होते, त्यांनी मुंबईला नेऊन गाऊन घेतलं. पण आता गात नाही. घशाचं काहीतरी झालं तिला. बरी नसते." पाचव्या दिवशी तिनं मोहनबाईला सांगितलं, "भाभीसा, धुळ्याला महासतीजींचा चातुर्मास आहे. दर्शन करून येते." साध्वींचं दर्शन हे तिचं आयुष्यातलं पहिलं ठरवून बोललेलं खोटं. मोहनबाई म्हणाली, "एकटी कशी जाशील? सुभाषला घेऊन जा." "नको. सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत येते." सुभाषचंदनं तिला एस.टी.त खिडकीजवळ बसवलं आणि कंडक्टरला दोनदा बजावलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्हीकडे कपाशी उभी होती. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता आणि ती तो सारखा ओढत होती, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की तिसरी ओळ ती ओठांत म्हणतेय. शेजारची बाई तिच्याकडे बघत होती.

दार धुरपदाच्या सुनेनं उघडलं. भिकुबाई तिचं नाव. घरंदाज, कानांत सोन्याच्या कुड्या घातलेली मारवाडी बाई दारात पाहून ती गोंधळली. आत बाजेवर एक बारीक बाई भिंतीला टेकून बसली होती, गळ्याला फडकं गुंडाळलेलं. सुनेनं सांगितलं, जोरात बोलू नका, त्यांना उत्तर द्यायला जमत नाही, हळू बोलतात. बाजेवरच्या बाईनं विचारलं, "कोन शे?" आवाज नव्हताच, नुसती हवा, आणि तिच्यात शब्द. प्रेमकुंवरला वाटलं, आपण जळगावहून चुकीच्या घरी आलो. तबकडीतला आवाज तिथं घरी पिवळ्या पाकिटात होता आणि इथं हे होतं.

"मी प्रेम. सोनगीरनी."

धुरपदानं पुष्कळ वेळ पाहिलं. ओळखलं तेव्हा चेहरा फारसा बदलला नाही, फक्त हातानं बाजेवरची गोधडी सारखी केली. "बठ. आठे बठ," ती म्हणाली. "भलता उशीर व्हयना वं."

प्रेमकुंवर बसली. काय काय बोलायचं ते तिनं येताना जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. तिला अहिराणी बोलून इतकी वर्षं झाली होती की शब्द गाठोड्यातल्या कपड्यांसारखे चुरगळून निघत होते. भिकुबाई पाणी ठेवून बाहेर गेली. मग धुरपदाच म्हणाली, "मी उनी व्हती जळगावले. तुना घर."

"माले म्हाईत शे."

"तू मझार व्हतीस. खोकलनी तू. तुना खोकला मी वळखस."

म्हणजे तिला कळलं होतं. सत्तावीस वर्षं प्रेमकुंवर असं धरून चालली होती की पडद्यापलीकडे कुणाला काही कळलं नाही, आपण आत आहोत हे फक्त आपल्यालाच माहीत आहे. आणि धुरपदा पडद्यापलीकडे उभी राहून तिचा खोकला ऐकत होती. "मंग उठी का नही उनी?" धुरपदानं विचारलं. रागानं नाही. प्रेमकुंवरनं खरं ते सांगितलं, जे तिला स्वतःलाही त्या क्षणापर्यंत धड माहीत नव्हतं. "तुले देखी माले हसू येई जाई, असं वाटनं. तीन महिना व्हयेल व्हतात. हसनू असतू ते लोके काय म्हनतात?"

"हसती ते हसती," धुरपदा म्हणाली.

बाहेर गल्लीत कुणीतरी बादली आपटली. पाण्याचा तांब्या तसाच राहिला होता. प्रेमकुंवरनं तबकडीबद्दल सांगायला सुरुवात केली. भाकरीच्या गाण्याबद्दल, धुराच्या गाण्याबद्दल. कुठल्या शब्दाला आवाज थोडासा खाली बसतो, कुठं श्वास घेतलेला ऐकू येतो तेसुद्धा. धुरपदा डोळे मिटून ऐकत होती. अधूनमधून मान हलवत होती, स्वयंपाकाची कुणी नीट चव सांगावी तशी. तिसरी भाकरी कुणाची, हे प्रेमकुंवरनं विचारलं नाही. धुरपदानंही सांगितलं नाही. शेवटी प्रेमकुंवर म्हणाली, "ते आपलं गानं. तठे जागा का सोडी? इसरी गयी व्हतीस का?"

"कशी इसरसू?" धुरपदा म्हणाली. "तुनी ओळ व्हती. तुले इचारं नही, ते कशी म्हनू? तठला साहेब म्हने, बाई, आठे काहीतरी घाला, नाहीतर लोकेसले वाटी की बाई इसरनी. मी म्हनं, वाटू द्या."

प्रेमकुंवरच्या ओठांपर्यंत ती ओळ आता आली होती. "आते म्हनू?" तिनं विचारलं. धुरपदानं हात लांब करून बाजेखालचा पाण्याचा गडू ओढला, पाणी ओतून दिलं, तो मांडीवर घेतला आणि दोन बोटांनी वाजवायला लागली. बोटं अजून तीच होती. दोन ओळींचे ठोके तिनं जाऊ दिले. तिसरीच्या ठोक्याला प्रेमकुंवरनं तोंड उघडलं. सूर निघाला नाही. घशातून आलं ते नुसतं बोलणं, स्थानकात पाठ म्हणावा तसं सपाट:

जाता जाता दार लावू, का उघडं ठेवू?

धुरपदाची बोटं थांबली नाहीत, पुढं चार-सहा ठोके गेली आणि मग थांबली. "बरी शे," ती म्हणाली. "मना दोन्हीपेक्षा बरी शे." आणि थोड्या वेळानं, "पन आते तठे नको, प्रेम. तठे आते काही नको. ते गानं तसंच वाढनं." प्रेमकुंवरनं मान हलवली. ती इतके दिवस ते गाणं ऐकत होती. धुरपदा म्हणते ते खरं आहे हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? ओळ तिथं घातली तर गाणं सांगून मोकळं होईल, मग त्यात थांबायला जागा उरणार नाही. हे तिला स्वच्छ कळलं. आणि कळत असतानाच डोळ्यांसमोरची भिंत पुसट झाली.

"मंग तू कितला करात?" धुरपदानं विचारलं.

"काय?"

"गाना. इतला वरिसमा."

"नही."

"म्हंजे?"

"नही करात."

धुरपदा पुढं झुकली. तिला वाटलं आपलं बोलणं समजलं नसेल, म्हणून तिनं फडक्यावर हात दाबून, जोर लावून एकेक शब्द काढला. "एक बी नही?"

"एक बी नही."

धुरपदानं गडू मांडीवरून खाली ठेवला. "माले वाटे," ती म्हणाली, "मना घर भांडा, पोरे, दुखनं. माले येळच नही. पन तिकडे प्रेमले बठ्ठा येळ शे, ती करत व्हई. मी म्हने, कधी ना कधी माले दखाडी." एवढं बोलून तिला धाप लागली. "तू मनापेक्षा हुशार व्हतीस वं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. आवाज नसल्यानं ते रडणं पाठीवरूनच कळत होतं. स्वतःच्या गळ्याबद्दल ती एकदाही रडली नव्हती, असं नंतर भिकुबाईनं दाराशी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हासुद्धा नाही.

परतीच्या एस.टी.त प्रेमकुंवरनं ठरवलं की एक गाणं करायचं. एकच. धुरपदाला हसीनाबीच्या हातून पाठवता येईल, भिकुबाई वाचून दाखवेल. मुकटी गाव येईपर्यंत ती शांतपणे ओळीची वाट पाहत बसली, जशी पूर्वी बसे. मग खिडकीबाहेर बघून एकेक गोष्ट घेतली: कपाशी, बैलाच्या पाठीवरचा बगळा, रस्त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, धुरपदाची पाठ. प्रत्येकीला ती शब्द लावत होती. येत होते ते शब्द स्तवनातले होते, पत्रांतले, लग्नपत्रिकांतले. 'क्षमा असावी', 'सौभाग्यकांक्षिणी', 'आत्मा एकटा येतो'. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. तिनं अहिराणीत करून पाहिलं. दोन शब्द आले आणि तिसरा मराठीत आला. तिनं खिडकीच्या गजावर बोटं वाजवून पाहिली. ठोके बरोबर पडत होते. एरंडोल आलं तेव्हा ती घामानं भिजली होती. तिला अगदी साधं वाटत होतं की हे कुठंतरी असेलच, जपून ठेवलेलं, आपण फक्त उघडायचं बाकी आहे. सत्तावीस वर्षं ती त्याच भरवशावर गप्प बसली होती. जळगावचा नाका आला. तिथं काहीच नव्हतं.

घरात पाऊल टाकलं तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश होता. मोहनबाईनं ताट वाढायला घेतलं होतं, मावळायच्या आत प्रेम जेवेल म्हणून. कंचननं विचारलं, "दर्शन झालं, काकीसा?" आणि प्रेमकुंवर उंबऱ्याच्या आत, चपला काढायच्या आधी, खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडून. नवरा गेला तेव्हाही या घरानं तिचा असा आवाज ऐकला नव्हता. सुभाषचंद दुकानातून धावत आत आला. कंचन पाणी घेऊन नुसती उभी राहिली. मोहनबाई तिच्यासमोर खाली बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि जुन्या सवयीनं जे विचारायचं तेच विचारलं, "कोण गेलं, प्रेम? सांग. कोण गेलं?"

"सोनगीरची," ती म्हणाली. "एक मुलगी."

"तुमच्या घरातली?"

प्रेमकुंवरनं मान हलवली, हो अशी.

मोहनबाईनं वाढलेलं ताट झाकायला सांगितलं, कंचनला बंबात पाणी घालायला लावलं आणि धुतलेली कोरडी साडी काढून न्हाणीच्या दांडीवर टाकली. पाणी तापल्यावर ती स्वतः आली. प्रेमकुंवर पाटावर बसली होती. मोहनबाईनं पहिला तांब्या तिच्या डोक्यावरून ओतला, सुतकाच्या रीतीप्रमाणे, आणि मग दुसरा.